लाभ, दोन, तीन

परळच्या इस्पितळात, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर
एक खोली आहे चोवीस अंशांची.
बाहेर मे असो की जानेवारी, आत चोवीस.
इथे येणाऱ्याने सकाळपासून चहा घ्यायचा नाही,
तंबाखू नाही, वीस मिनिटं नुसतं पडून राहायचं,
बोलायचं नाही. बोललं की रेषा हलते.
खोकलं तरी हलते.
समोरच्या टॉवरचे खांब ठोकायला लागले
की मी उठून खिडकी लावते,
तर माझ्या उठण्यानंही हलते.

क्रमांक सतरा.
धोंडीराम उत्तेकर, वय बासष्ट, मूळ गाव जावळी तालुक्यात,
मस्जिद बंदरच्या गोदामात एकतीस वर्षं पाठीवर गोणी.
आठ वर्षं साखर.
"गोणीतली नव्हे, रक्तातली," ते म्हणाले
आणि स्वतःच हसले.
रेषा हलली.

घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर
मी कोटाच्या बटणाएवढी चकती चिकटवते.
तिच्यातून तांबडा उजेड आत जातो
एक मिलिमीटर, फार तर दीड,
धावत्या पेशींवर आपटतो
आणि जरासा सूर बदलून परत येतो.
त्या बदललेल्या सुरावरून यंत्र सांगतं:
बावीस. चोवीस. एकवीस.
बावीस काय?
या आकड्याला एकक नाही.
लिटर नाही, थेंब नाही, तोळा-मासा नाही.
अहवालात मी 'सापेक्ष' असं लिहिते
आणि पुढे जाते.

मग दाब.
मिनिटाला पाऱ्याचे पाच मिलिमीटर,
इतका हळू की सुरुवातीला
दाब आहे हे झोपलेल्यालाही कळत नाही.

आपल्याला वाटतं, दाबलं की रक्त मागं हटणार.
हटतंच ते, पण नंतर.
आधी, धडधाकट कातडीत,
केसाहून बारीक त्या वाहिन्या रुंद होतात.
दाबणाऱ्याला वाट देतात म्हणावं, तर तसं नाही.
उद्या पाणी येणार नाही असं कळल्यावर
चाळीत जशा कळश्या भरून ठेवतात
तशा भरून घेतात.
रेषा चढते.
हे चढणं मी शेकडो वेळा पाहिलंय,
नर्सिंगच्या मुलींच्या घोट्यांवर, लिफ्टमनच्या, माझ्या स्वतःच्या.
दरवेळी खुर्चीत थोडी पुढे सरकते.

सतराची रेषा चढली नाही.
पहिल्याच मिनिटापासून उतरत गेली,
जिना उतरावा गुडघेदुखीच्या माणसानं
तशी, एकेक पायरी.
मी काही बोलले नाही. नियमच आहे तसा.

"झालं? आणि खांद्यावर नाही लावायचं?
माप घ्यायचंच तर तिथलं घ्या की, बाई.
दाब तिथं होता. घोट्यानं काय केलंय?"

खांदा आमच्या आराखड्यात नाही.
त्यांनी सदरा सरकवला होता.
मानेच्या खाली पंजाएवढा तुकडा,
काळपट, गुळगुळीत, देवळाच्या उंबऱ्यासारखा.
मी चकती लावली. पडली.
स्पिरिटनं पुसून पुन्हा लावली. पुन्हा पडली.
"राहू द्या," ते म्हणाले, जणू चूक चकतीची नव्हती.

घोट्यावर तिचा ठसा मात्र उरला होता,
सावळ्या कातडीत फिकट, गोल,
जुन्या चार आण्यांएवढा.
यंत्र मी बंद केलं होतं.
उत्तेकर वाकून त्या ठशाकडे बघत
ओठातल्या ओठात मोजत होते,
धान्य मोजतात तसं, एक न म्हणता:
लाभ, दोन, तीन, चार.
नवाला कडेनं रंग परतला.
मधला ठिपका अडून राहिला तेरापर्यंत.

माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: लाभापासून तेरा.
मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

"आता चहा चालेल ना? बिनसाखरेचा?"
विचारत ते पलंगाखाली पायानं चपला चाचपत होते.
डावा पाय चपलेत गेलाय
हे त्यांना वाकून बघितल्यावर कळलं.